नाव न घेता

खासदार गोठ्यात आले तेव्हा काकी तांबड्या गाईची धार काढत होती. तिला उठता येईना. त्या गाईची धार अर्ध्यावर सोडली की ती उरलेलं दूध वर ओढून घ्यायची आणि मग दिवसभर लाथा झाडायची.

"बसा काकी, उठू नका. तुमचं काम चालू द्या," खासदार म्हणाले. त्यांचे बूट शेणात रुतले होते, पण त्यांनी एकदाही खाली बघितलं नाही. काकीला ते बरं वाटलं.

त्यांना घेऊन आली होती ती औषध केंद्राची सिस्टर. गावाच्या टोकाला जुन्या टपाल कचेरीत ते केंद्र होतं. आसपासच्या गावांतली सत्तरेक माणसं रोज सकाळी तिथं रांग लावायची. ज्यांना नशेच्या पुडीवाचून राहवत नव्हतं, त्यांना सिस्टर जिभेखाली ठेवायची एक गोळी द्यायची, ती विरघळेपर्यंत समोर बसवून ठेवायची, मग तोंड उघडायला लावून बॅटरीनं बघायची. गोळी घेतली की दिवसभर अंग मोडून यायचं नाही, माणूस कामाला लागायचा. काकीची धाकटी मुलगी दोन वर्षं तिथं जात होती. तिला सगळे बारकी म्हणत. आता ती तिशीला आली होती, पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

पुढच्या पंधरवड्यात संसदेत या केंद्रांच्या खर्चावर चर्चा व्हायची होती. पैसा चालू ठेवायचा की बंद करायचा, याचा निकाल तिथं लागणार होता. म्हणून खासदार केंद्र बघायला आले, आणि सिस्टरनं त्यांना मुद्दाम काकीकडे आणलं. काकी बोलायला मोकळी. शिवाय बारकी सुधारली हे सगळ्या गावाला दिसत होतं.

सिस्टर बाहेर गाडीपाशी थांबली. बारकी चारा कापायला गेली होती. खासदारांनी उलटी बादली ओढून तिच्यावर बूड टेकलं आणि विचारलं, "काकी, सगळ्यात वाईट दिवस कोणते होते?"

काकीचे हात कासेवर चालूच होते. धारेचा आवाज बादलीत घुमत होता. चार वर्षं तिनं कुणाला सांगितलं नव्हतं ते त्या आवाजाच्या आडोशानं तिच्या तोंडून बाहेर आलं. बारकी फळं भरायच्या शेडमध्ये कामाला होती, तिथं खोक्यांची चळत खांद्यावर कोसळली. दुखणं थांबेना म्हणून डॉक्टरनं गोळ्या दिल्या. त्या संपल्या तरी सवय सुटेना, मग पुडी आली. त्याच साली बारकीच्या वडिलांना हाडांचा कॅन्सर निघाला. ते गवंडी होते. अर्ध्या गावाच्या भिंती त्यांच्या हातच्या. त्यांना डॉक्टरनं जालीम गोळ्या दिल्या होत्या, दुखणं मारायच्या.

"त्या गोळ्या हिनं घेतल्या," काकी म्हणाली. "डबीत लहान पोरांच्या गोड गोळ्या भरून ठेवल्या. दिसायला तशाच, पांढऱ्या. हे ओरडत राहिले. मला मागाहून कळलं. मी तिला आजतागायत बोलले नाही. तिला वाटतं मला ठाऊकच नाही."

खासदारांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. काकीनं ते बघितलं आणि तिला वाटलं, याला समजलं. पोरगी किती खोल खड्ड्यात होती हे कळल्याशिवाय तिला वर कुणी काढलं ते कसं कळणार?

"आता बघा," ती म्हणाली, "पहाटे माझ्याआधी उठते. दोन वर्षांत एक दिवस चुकला नाही. ते केंद्र आहे म्हणून माझी पोरगी आहे, साहेब. एवढं तिथं सांगा."

"तुमचं नाव कुठं येणार नाही," खासदार उठत म्हणाले. त्यांचा आवाज जड झाला होता. काकीला धीर आला.

चर्चेचा दिवस आला तेव्हा उन्हानं गाव भाजून निघत होतं. दुपार कलल्यावर मायलेकी दुधाचे कॅन घेऊन डेअरीवर गेल्या. डेअरी म्हणजे पत्र्याची एक लांब खोली. एका बाजूला वजनकाटा, मधे फॅट मोजायचं यंत्र, आणि यंत्रावर भिंतीला टीव्ही. एरवी त्यावर सामने चालायचे. आज डेअरीवाल्यानं संसद लावली होती.

"आपले साहेब बोलणारेत," तो म्हणाला. "घाई कुणाला आहे? दूध काही पळून जात नाही."

"नासतं मात्र," मागून कुणीतरी म्हणालं, आणि सगळे हसले. वीसेक माणसं होती. सुतारही होता. तो केंद्रावर बारकीच्या पुढेच उभा असायचा. केसांत कायम लाकडाचा भुसा. त्यानं बारकीला भुवया उडवून खूण केली, म्हणजे ऐक आता.

आधी मंत्री बोलले. रोज गोळ्या वाटणारी केंद्रं बंद करून तोच पैसा व्यसनमुक्तीच्या शिबिरांना द्यावा, असं त्यांचं म्हणणं. मग विरोधी बाजूच्या एक बाई उठल्या. त्या स्वतः डॉक्टर होत्या. "साखरेच्या रोग्याला आपण विचारतो का, की बाबा किती वर्षं सुई घेणार?" त्यांनी विचारलं. "मग यांनाच का विचारता?" सुतारानं मांडीवर थाप मारली. समोरच्या बाकांवरून गलका झाला. अध्यक्षांनी घंटा वाजवली आणि खासदारांचं नाव पुकारलं.

"अध्यक्ष महोदय," खासदारांनी सुरुवात केली, "मी कागदावरचे आकडे सांगणार नाही. मी एका गोठ्यात बसून ऐकलेलं सांगणार आहे."

काकीच्या मानेवरून गार पाणी ओतल्यासारखं झालं. बारकीनं वळून तिच्याकडे बघितलं. डोळ्यांत थोडं कौतुकच होतं. तिला वाटलं, आपलं चांगलं बोलणार.

"मी नाव घेणार नाही. एक गवंडी होता. घाम गाळून जगलेला माणूस. त्याला हाडांचा कर्करोग झाला. डॉक्टरांनी त्याला वेदनेवर गोळ्या दिल्या. आणि त्याच्या धाकट्या मुलीनं, अध्यक्ष महोदय, पोटच्या मुलीनं, त्या गोळ्या चोरल्या. डबीत मुलांच्या गोड गोळ्या भरून ठेवल्या. तो बाप तडफडून मेला. आईला मागाहून कळलं. त्या माउलीनं चार वर्षं तोंड उघडलं नाही."

डेअरीत फॅटचं यंत्र घरघरत होतं. 

"आणि आज ती मुलगी काय करते? रोज सकाळी सरकारी केंद्रावर जाते आणि सरकारी पैशानं नशेची गोळी घेते. दोन वर्षं झाली! याला उपचार म्हणायचं? नशा तीच आहे, अध्यक्ष महोदय, फक्त दुकान बदललंय. आणि त्या दुकानाचं भाडं आपण भरतोय."

बाकं वाजली. टीव्हीतून तो आवाज पत्र्यावर पाऊस पडल्यासारखा आला.

त्या गावात हाडांच्या कॅन्सरनं गेलेला गवंडी एकच होता.  कुणी वळूनही बघितलं नाही, आणि ते न बघणंच काकीला अंगावर विस्तव टाकल्यासारखं लागलं. डेअरीवाल्याच्या हातात बारकीच्या दुधाचं मापटं होतं. तो ते धरून उभा राहिला. मग घसा खाकरून, टीव्हीवरच्यापेक्षा मोठ्यानं म्हणाला, "चार पॉइंट एक."

"पावती," बारकी म्हणाली.

"अं?"

"फॅटची पावती द्या."

त्यानं पावती फाडून दिली. बारकीनं ती घडी करून खिशात ठेवली, रिकामा कॅन उचलला आणि बाहेर पडली. काकी तिच्या मागून निघाली. आपले पाय चालताहेत हे तिला दिसत होतं, पण ते आपले वाटत नव्हते.  गोठ्यापाशी तिनं कॅन धुतला, झाकण धुतलं, उन्हात पालथा घातला. मग हात पुसत म्हणाली, "केव्हा कळलं तुला?"

"मागाहून."

"मागाहून म्हणजे?"

"ते गेल्यावर. डबी झाडताना."

"आणि तू चार वर्षं माझ्या हातचं जेवलीस."

 बारकीच्या तोंडावर राग नव्हता. राग असता तर काकीनं तो झेलला असता. तिचा चेहरा नुसता पांढरा पडला होता, घराची एक भिंत अचानक पडावी आणि आतला माणूस उघड्यावर यावा तसा.

"मला वाटायचं," बारकी म्हणाली, "कधीतरी मी स्वतः सांगेन तुला. सिस्टर म्हणायची, घाई नको, तयार झालीस की सांग. मी जुळवाजुळव करत होते, आई. पहिलं वाक्यसुद्धा ठरवलं होतं."

"कुठलं?"

"आता काय करायचंय ते."

ती आत गेली.

पहाटे काकीला जाग आली तेव्हा बारकीचं अंथरूण रिकामं होतं.  ती अनवाणी धावत विहिरीकडे गेली, वाकून बघितलं, हाक मारली. मग गोठ्यातून बादलीचा आवाज आला. बारकी तिसऱ्या गाईखाली बसली होती. दोघींच्या धारा काढून झाल्या होत्या. काकी दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. 

"विहिरीत बघून आलीस ना?" बारकीनं मान न वळवता विचारलं. "मी नाही जायची. सात वाजता गोळी असते."

त्या दिवशी काकी तिच्याबरोबर केंद्रावर गेली. सिस्टरचे डोळे रडून रडून सुजले होते. ठराव अकरा मतांनी मंजूर झाला होता. केंद्र महिनाअखेर बंद. तोवर सगळ्यांच्या गोळ्या आठवड्या-आठवड्यानं कमी करत आणायच्या, असा हुकूम आला होता. ज्यांना पुढे गोळी हवी त्यांनी शहरातल्या मोठ्या दवाखान्यात जायचं. बसनं तिथं दोन तास लागायचे.

"मीच आणलं त्यांना तुमच्याकडे," सिस्टर काकीला म्हणाली. "माझ्या हातानं आणलं."

बारकी रांगेत उभी राहिली. सुतारानं वळून बारकीकडे बघितलं आणि एक पाऊल बाजूला होऊन तिला आपल्या पुढे घेतलं. "पुडीसाठी मी माझ्याच लेकराचे दागिने चोरले होते, भावानं ते माझ्या खिशातून काढले," तो सहज, हवापाण्याचं बोलावं तसं म्हणाला. "तेव्हा पिवळा पडलो होतो नुसता. इथं स्वच्छ कोण आहे, बारके? उभी राहा."

गावात मात्र तसं कुणी बोलणारं नव्हतं. शेजारीण रोज लिटरभर दूध न्यायची. तिचं भांडं चार दिवस आलं नाही, पाचव्या दिवशी ती दुसऱ्या गल्लीतून दूध आणताना दिसली. डेअरीत बारकी आली की माणसं आपापले कॅन हातभर सरकवून घ्यायची. डेअरीवाला एक दिवस म्हणाला, "काकी, तुम्हीच आणत जा दूध. तिला कशाला त्रास?" त्यानं ते इतक्या गोड आवाजात म्हटलं की काकीला त्यावर चिडताही आलं नाही.

थोरल्या मुलीचा फोन आला. ती लग्न होऊन लांब राहायची. "आई, खरं आहे हे?" तिनं विचारलं.

"खरं आहे."

 "बाबा ओरडायचे ते मी फोनवर ऐकलंय," थोरली म्हणाली. "तू फोन त्यांच्या तोंडाशी धरायचीस, माझ्याशी बोलावं म्हणून. आणि ती तिथंच खोलीत असायची ना?" मग तिनं फोन ठेवला. तो पुन्हा आला नाही.

गोळी कमी झाली तशी बारकीच्या अंगात फरक पडायला लागला. पहिल्या आठवड्यात नुसत्या जांभया आणि नाकाला पाणी. दुसऱ्यात पाय दुखायला लागले. ती धार काढताना मधेच उठायची, गोठ्यात दोन फेऱ्या मारायची, पुन्हा बसायची. भर उन्हात अंगावर काटा आलेला. दोन घास खाल्ले की ओकून टाकायची. काकी तिच्या पोटऱ्या चेपायला बसली तर पाय आखडून घ्यायची. दुधात मात्र तिनं खाडा पडू दिला नाही.

त्याच आठवड्यात सुतार गेला. दोन दिवस तो रांगेत आला नाही म्हणून सिस्टर त्याच्या घरी गेली. कामाच्या टेबलाखाली तो भुशात पडलेला सापडला. शेजारी पुडी. शरीराची सवय मोडलेली, आणि त्यानं जुन्या मापानं घेतली होती. टेबलावर एका खिडकीची चौकट अर्धी तासून ठेवलेली होती.

बारकीनं ते ऐकलं आणि हातातला विळा खाली ठेवला. "परवा माझ्यापुढे होता," ती म्हणाली. "परवा."

काकीनं त्याच दिवशी ठरवलं. रविवारी खासदार आपल्या कचेरीत लोकांना भेटायचे. "मी जाऊन येते," ती म्हणाली.

"मीही येते," बारकी म्हणाली.

"तुला बरं नाही."

"मला बरं नाही हे त्यांनाही बघू दे की."

कचेरीत पंचवीस-तीस माणसं भिंतीला लावलेल्या खुर्च्यांवर बसली होती. कुणाचं रस्त्याचं काम, कुणाची बदली, कुणाची पाण्याची लाइन. खासदार टेबलामागे होते. काकीला बघून ते स्वतः उठले, खुर्ची ओढून दिली. काकी बसली नाही. बारकी दाराला टेकून उभी राहिली. तिच्या कपाळावर घामाचे थेंब होते.

"साहेब, तुम्ही म्हणाला होतात नाव येणार नाही."

"आलं का?" खासदार खरोखर चकित होऊन म्हणाले. "काकी, मी नाव घेतलं का? गाव घेतलं? एका शब्दानं कुणाला कळलं नसेल."

"गावात गवंडी एकच होता."

खासदारांच्या हातातलं पेन थांबलं. एवढं साधं गणित त्यांच्या डोक्यात आलंच नव्हतं, हे त्यांच्या तोंडावर दिसलं.

"मी तुमच्यासाठीच बोललो," ते हळू आवाजात म्हणाले. "तुमचं ऐकून मी हादरलो होतो, काकी. घरी जाऊन जेवलो नाही. माझे वडीलही असेच गेले, पण त्यांना गोळी मिळत होती. मला वाटलं, हे थांबलं पाहिजे. तुम्हालाही तेच हवंय असं मी समजलो."

"मी सांगितलं होतं, केंद्र आहे म्हणून माझी पोरगी आहे. ते वाक्य कुठं गेलं?"

"काकी, दहा मिनिटं असतात बोलायला."

"सुतार गेला."

"कळलं मला. फार वाईट झालं." त्यांनी मान खाली घातली. "पण आता मत पडलं. पुढच्या वर्षी पुन्हा खर्चाचा विषय येईल, तेव्हा मी—"

"मग तेव्हा सगळं सांगा," काकी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण खुर्च्यांवरची कुजबुज थांबली. "तुम्ही तिथं म्हणालात, आईला मागाहून कळलं. तुमची चूक नाही, मीच तसं सांगितलं होतं. ते खोटं होतं."

दारातली बारकी सरळ उभी राहिली.

"त्यांना गोळी गिळता यायची नाही," काकी म्हणाली. "मी चमच्यात कुटून पाण्यात कालवून द्यायचे. खरी गोळी कडू जहर. बोट चाटलं तरी तासभर तोंड कडू राहायचं. एक दिवस बोट चाटलं तर गोड लागलं. तेव्हा ते जिवंत होते. पुढे नऊ दिवस जिवंत होते. डॉक्टरला सांगितलं असतं तर त्यानं दुसऱ्या दिल्या असत्या. पण कुठं गेल्या असं त्यानं विचारलं असतं. पोलीस आले असते. हिला नेलं असतं. नवरा जाणारच होता. पोरगी तरी राहायला हवी होती. मी नऊ दिवस त्यांना गोड पाणी पाजलं, साहेब. या हातानं. तुम्ही तिला एकटीला उभं केलंत सगळ्यांपुढे. मीही उभं राहायला हवं होतं तिथं."

खासदारांचं तोंड उघडं राहिलं.  रस्त्याच्या कामासाठी आलेला म्हातारा आपल्या टोपीकडे बघत बसला. काकीनं मागे वळून बघितलं तेव्हा दारात बारकी नव्हती.

बस थांब्यावरही ती नव्हती. काकी एकटीच बसमध्ये बसली, एकटीच घरी आली. गोठ्यात जनावरं हंबरत होती. तिनं चारा टाकला. पाणी पाजलं. मनात सुताराच्या टेबलाखालची पुडी सारखी येत होती. बारकीच्या अंगात आता निम्म्याहून कमी गोळी होती, आणि रस्त्यात पुडी विकणारी घरं तिला तोंडपाठ होती. काकी दोनदा फाटकापर्यंत जाऊन आली. ती धारेला तांबडीपाशी बसली, पण गाय पान्हा सोडेना.

ऊन उतरता उतरता बारकी आली. सगळं अंतर पायी चालून. चपला हातात, टाचा फुटलेल्या, ओठ कोरडे. काकीनं आधी तिच्या डोळ्यांत बघितलं. बाहुल्या आकसलेल्या नव्हत्या, म्हणजे पुडी घेतलेली नव्हती. बारकीला कळलं ती काय बघते आहे. तिनं बघू दिलं.

"नऊ दिवस," बारकी म्हणाली.

"हो."

"मी त्या नऊ दिवसांत दोनदा तुझ्याजवळ आले होते. सांगायला. तू म्हणालीस, जा झोप जा, मी बसते त्यांच्यापाशी."

"मला कळलं होतं तू कशाला आलीस ते."

बारकी भिंतीला पाठ लावून खाली बसली. पोटातून कळ आली तशी दुमडली, मग सावकाश सरळ झाली. "मी चार वर्षं एकटी वाहतेय, आई. वाटायचं, बाबांना मी मारलं आणि तू बिचारी. तू बिचारी! तुला बघून मला दर सकाळी मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं."

"मलाही तसंच व्हायचं. तुला बघून."

बारकीनं हातातल्या चपला खाली ठेवल्या. मग बारकीनं विचारलं, तिच्या आवाजात भीती होती, "बाबांना कळलं होतं?"

काकीला खोटं बोलता आलं असतं. नाही म्हटलं असतं तर पोरीला जरा हलकं झालं असतं. ती म्हणाली, "माहीत नाही. शेवटच्या दिवशी चमचा तोंडाला लावला तर त्यांनी ते पाणी गिळलं नाही. तोंडात धरून ठेवलं आणि माझ्याकडे बघत राहिले. मग गिळलं. बोलले काहीच नाहीत."

बारकीनं हातांत तोंड झाकलं. तिच्या घशातून आवाज आला तो रडण्याचा नव्हता, लाथ बसल्यावर जनावर काढतं तसा होता. काकी तिच्याजवळ गेली नाही. जवळ जायचा आपल्याला हक्क आहे की नाही, हेच तिला ठरवता येईना. ती स्टूल घेऊन गाईपाशी बसली आणि कासेवर गरम पाण्याचा हात फिरवू लागली. बऱ्याच वेळानं मागून बारकी म्हणाली, "सरक. तुझे हात कापताहेत, ती दूध चोरेल." काकी सरकली.

महिनाअखेर केंद्राला कुलूप लागलं. शहरातल्या दवाखान्याची बस पहाटे सुटायची. पहिल्या दिवशी काकीनं गाई शेजारच्या गावातल्या एका बाईवर सोपवल्या आणि बारकीबरोबर निघाली. बारकीनं येऊ नकोस म्हटलं नाही, ये असंही म्हटलं नाही. दोन तास ती खिडकीला डोकं लावून दात वाजवत बसली होती. वळणावर तिचा खांदा काकीच्या खांद्यावर आला. तिनं तो काढून घेतला नाही.

शहरातली रांग मोठी होती, दोन मजले जिन्यावरून खाली आलेली. खिडकीपाशी पोहोचेतो ऊन चढलं होतं. आतल्या कारकुनानं वर न बघता फॉर्म पुढे ओढला. वय विचारलं, गाव विचारलं, किती वर्षं गोळी चालू आहे ते विचारलं. बारकी सांगत गेली.

"घरातली जबाबदार व्यक्ती कोण?" त्यानं विचारलं.

बारकीनं तोंड उघडलं आणि मिटलं. काकीनं मान खाली घातली. मागची माणसं चुळबुळायला लागली. कारकुनानं पहिल्यांदाच वर बघितलं. "अहो, जबाबदार कोण? सही लागते. त्याशिवाय गोळी सुरू करता येत नाही."

"ही," बारकी म्हणाली. तिनं काकीचं मनगट धरून तिला खिडकीपाशी ओढलं. "माझी आई. लिहा."

काकीनं पेन घेतलं. कारकुनानं रकान्यावर बोट ठेवलं होतं. तिनं सावकाश, अक्षर अक्षर जोडून, आपलं पूर्ण नाव लिहिलं, मधे नवऱ्याचंही. बारकी वाकून ती ओळ पूर्ण होईपर्यंत बघत होती. मग आतून नर्सनं हाक मारली, आणि ती जीभ वर करून गोळी घ्यायला गेली.